चुकलं तर पहिल्यापासून

३ जून

आत्या,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी, मग तुझी. गुडघा रुसला की तू पोस्टापर्यंत जात नाहीस आणि माझ्या पत्राचं उत्तर महिनाभर लटकतं. फोनवर तुला ऐकू येत नाही हे मान्य आहे. पण तीस वर्षं बसस्थानकाच्या कर्ण्यावरून सगळ्या जगाला ऐकवलंस, आणि आता तुलाच ऐकू येऊ नये, हे मला काही केल्या पटत नाही.

मला नोकरी लागली. प्रौढ शिक्षण केंद्रात. ज्यांनी चार माणसांत कधी तोंड उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी भाषणाचा वर्ग आखायचा आणि चालवायचा. हसून झालं असेल तर पुढे वाच. अर्जात ‘सभेत बोलण्याचा अनुभव’ असा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. मग खोटं वाटायला लागलं, म्हणून फुली मारून खाली टीप दिली: ‘घरी रोज, वय वर्षं सहा ते चौदा, श्रोते एक.’ संचालकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “हीच पाहिजे आपल्याला. भिणाऱ्यांचा वर्ग भिणाऱ्यानंच आखावा.” म्हणजे भीतीवर नोकरी मिळवणारी आपल्या घरातली मी पहिलीच.

केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. माझी खोली जिन्यामागे आहे, खिडकी नाही. दार लावलं की पंख्याचा आवाज आणि मी. तिथे बसून तीन आठवड्यांत पुस्तिका लिहिली, सोबत पाठवते आहे. एकाच साच्याचा वर्ग इथं चालणारच नव्हता. वर्गात अकरा जण आहेत: एक लिफ्टवाले काका, एक शिंपी, एक दंतवैद्याकडची मदतनीस, कुणी दिवसपाळीचं, कुणी रात्रपाळीचं. म्हणून सगळं लवचिक ठेवलं. बसून बोला किंवा उभं राहून बोला. एका माणसासमोर बोला किंवा दहांसमोर. वाटलं तर पडद्यामागून बोला. सकाळी या नाहीतर संध्याकाळी, आठवडा चुकला तरी चालेल. हातात कामाची वस्तू धरली तर उत्तम. शिंपी टेप धरून बोलतो आणि बोलता बोलता स्वतःचंच मनगट मोजतो.

सात नियम आहेत. त्यातला चौथा माझा आवडता: ‘चूक झाली तर घाबरू नका. पहिल्यापासून सुरू करा. कितीही वेळा. इथं कुणीही तुम्हाला हसणार नाही.’

एका बाईंबद्दल सांगायचंच राहिलं. त्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहेत, चादरी धुणं-पिळणं हे त्यांचं काम. एप्रिलमध्ये त्यांच्या जोडीदारणीचा उजवा हात पिळायच्या यंत्रात गेला. झाकणाची कडी तुटलेली होती म्हणून असं झालं, असं बाई म्हणतात. कडी धड होती, पोरीनंच नियम मोडून झाकण उघडलं, असं व्यवस्थापक म्हणतात. १९ जुलैला चौकशी समिती बसणार आहे. तिची चूक ठरली तर तिला कामावरून काढतील. तिच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे बाई. त्या पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “मॅडम, मला भाषण नको. आठ वाक्यं पुरेत. पण ती तोंडातून पडली पाहिजेत.”

आत्या, माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकला की मला पळून जावंसं वाटतं.

तुझी,
टीपा

ता. क. पुस्तिकेत पान नऊवर एक स्वल्पविराम जास्त पडला आहे. बाबांना सांगू नकोस.


११ जून

टीपाबाई,

गुडघा बरा आहे, तुला नमस्कार सांगतो. वाकून करता येत नाही एवढंच.

नोकरीबद्दल अभिनंदन. तुला आठवतं का माहीत नाही, पण तुझं नाव टीपा मीच पाडलं. सहा वर्षांची होतीस. ‘जेवलीस का?’ विचारलं तर ‘हो, पण भात ठेवलाय, आणि ताक तिनं वाढलं म्हणून घेतलं, मागितलं नव्हतं,’ असं म्हणायचीस. प्रत्येक वाक्याला शेपूट. तेच शेपूट आज कामी आलं म्हणायचं.

तुझा बाप रविवारी आला होता. पुस्तिका त्यानं पेन्सिल घेऊन वाचली. दुसरं काय करणार? आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता औषधाच्या बाटलीवरची सूचनाही तपासून गिळतो. पान नऊवरचा स्वल्पविराम त्याला सापडला. मी सांगितलं नव्हतं, शप्पथ. बाकी त्याला पुस्तिका आवडली. चौथ्या नियमापाशी थांबला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “उत्तम.” एवढंच. त्याच्या तोंडून हा शब्द मी चाळीस वर्षांत दोनदा ऐकलाय.

मी काही बोलले नाही. त्याला इतकं खूष बघून बोलवेना.

तुला मात्र एक साधा प्रश्न विचारते. तुझ्या अकरा जणांपैकी शेवटच्या वाक्यापर्यंत किती जण पोचले?

आत्या


२ जुलै

आत्या,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या एका ओळीच्या प्रश्नावर मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली.

उत्तर: अजून कुणीच नाही.

पण एकही जण वर्ग सोडून गेलेला नाही! शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसीच्या वर्गातले निम्मे गळाले, शिवणाच्या वर्गात तिघीच उरल्या आहेत. आमचे अकराच्या अकरा टिकले. संचालकांनी बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, ‘भाषण वर्ग: गळती शून्य.’ येणाऱ्या-जाणाऱ्याला फळ्यापाशी नेतात आणि म्हणतात, “आपण लवचिक आहोत.” आता पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापल्या आहेत, बाकीच्या केंद्रांना जाणार आहेत. माझं नाव मुखपृष्ठावर आहे. ते बघितलं आणि प्रत उलटी करून ठेवली.

चौथ्या नियमावर तुझा रोख आहे हे कळलं. तूही त्याच घरात वाढलीस, म्हणून तुला तो खटकला असेल. पण मला त्या नियमात कधी छळ वाटला नाही. बाबांनी एकदा छापखान्यात नेऊन दाखवलं होतं. त्यांच्या यंत्रावर अख्खी ओळ एकत्र ओतली जायची. एक अक्षर चुकलं की ते अक्षर काढून दुसरं बसवता यायचं नाही, सगळी ओळ वितळवून नव्यानं ओतायची. “बोलणं तसंच असतं,” ते म्हणाले होते. माझ्या आजारपणामुळे मला शाळेत घातलं नाही, म्हणून शाळा घरीच होती: कपाट आणि दार यांच्या मधल्या जागेत मी उभी, समोर खुर्चीवर ते. उत्तर चुकलं की ते बोट वर करायचे. मग पहिल्यापासून. नद्यांचा धडा मी एकदा अठरा वेळा सुरू केला. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. पाणी आणून दिलं आणि बोट पुन्हा वर केलं. रागावले असते तर निदान रडता तरी आलं असतं.

हे लिहिताना लक्षात आलं, की ही तक्रार नाही असं मी तुला सांगणार होते.

लिफ्टवाले काका पाच आठवडे ‘सन्माननीय अध्यक्ष’ इथेच आहेत. ‘माननीय’ म्हणून बसतात आणि स्वतःच मान हलवून पुन्हा सुरू करतात. काल म्हणाले, “माझी लिफ्ट तळमजल्यावरच अडकलीय.” सगळे हसले, तेही हसले. बाई तिसऱ्या वाक्यावर आहेत. ‘त्या यंत्राच्या झाकणाची कडी तीन आठवड्यांपासून तुटलेली होती,’ हे ते वाक्य. कधी ‘महिन्यापासून’ म्हणतात, कधी ‘यंत्राच्या’ विसरतात. मग त्या स्वतःच बोट वर करतात. मी त्यांना ते कधी शिकवलं नव्हतं. माझं बघून उचललं असावं. माझं बोट वर जातं हेच मला माहीत नव्हतं.

सतरा दिवस उरलेत.

टीपा


८ जुलै

टीपे,

या वेळी थट्टा नाही, सरळ लिहिते.

मी कर्ण्यावर बसायला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. तुझ्या बापानं मला घरी महिनाभर तयार केलं होतं, त्याच कपाटाच्या आणि दाराच्या मध्ये उभी करून. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. कामाच्या तिसऱ्या दिवशी मी फलाट चारच्या जागी सहा बोलले. लगेच कळलं. मग मी काय केलं असेल? ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं’ इथून सुरू केलं. घाबरून पुन्हा चुकले. पुन्हा ‘प्रवाशांनी कृपया’. चार वेळा. खाली लोक माना वर करून कर्ण्याकडे बघत उभे. चौथ्यांदा सगळं अचूक बोलले, अक्षर न् अक्षर. तोवर गाडी निघून गेली होती. एक म्हातारा नवरा गाडीत आणि त्याची बायको बाकावर बोचकी धरून बसलेली. ती वर माझ्या काचेकडे बघून ओरडली, “अगं बये, एवढं सुरेख बोलत बसण्यापेक्षा नुसतं ‘चार’ म्हणाली असतीस तर!”

आमचे नियंत्रक आत आले. मला वाटलं, आता हाकलतात. ते म्हणाले, “चुकलं की म्हणायचं, सहा नव्हे चार. आणि पुढे जायचं. गाडी तुझ्यासाठी थांबलेली नाही.” बस, एवढंच माझं शिक्षण. पुढची तीस वर्षं त्याच्यावर काढली. कितीदा चुकले त्याची गणती नाही.

हे मी तुझ्या बापाला कधी सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही, तू त्या कोपऱ्यात उभी असायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे तेव्हासुद्धा. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोलेन. लिहिताना मी चांगली दिसायला लागते, म्हणून लिहीत नाही.

चौथा नियम काढून टाक. त्या बाईंना पुढे जायला शिकव. कडी तीन आठवडे तुटली की चार, याच्यावाचून समितीचं काही अडत नाही. ती तुटली होती की नाही, एवढंच त्यांना हवंय.

तुमच्या वर्गातून कुणी गळत नाही, कारण कुणी पोचतच नाही. निघायला दार कुठाय?

आत्या


१४ जुलै

आत्या,

तुझं पत्र हातात घेऊन मी तशीच संचालकांकडे गेले. म्हटलं, चौथा नियम बदलायचा आहे. ते म्हणाले, “पाचशे प्रती गेल्या.” मी म्हटलं, सुधारणेची चिठ्ठी पाठवू. ते म्हणाले, “गळती शून्य असलेल्या वर्गाला कसली सुधारणा? हे बघा, लवचिक म्हणजे आपण कुणावर बदल लादत नाही.” मला हसू आलं आणि ते त्यांना दिसलं. मग सौम्यपणे म्हणाले, “तुमची नोकरी सप्टेंबरपर्यंत कच्चीच आहे ना?”

मी खोलीत जाऊन दार लावून बसले. पंखा फिरत होता. पाचशे ठिकाणी पाचशे माणसं तळमजल्यावर उभी आहेत आणि सगळ्यांसमोर माझं बोट वर, असं दिसायला लागलं.

पण ऐक, त्याच संध्याकाळी काय झालं! बाई आल्या. त्यांना पुढे जा म्हणून सांगायचं, असं मी ठरवलंच होतं. तोंड उघडणार तोच त्यांनी आठही वाक्यं म्हटली. एकही चूक नाही. मी घड्याळ लावलं, पुन्हा म्हणा म्हटलं. पुन्हा तशीच. नऊ वेळा म्हणून घेतलं, नऊही वेळा काना-मात्रेचा फरक नाही. लिफ्टवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. बाई घामानं डबडबल्या होत्या, पण चेहरा धुतल्यासारखा. “जमलं बघा,” म्हणाल्या. “घरी भांडी घासताना म्हणते, झोपेतही म्हणते. सून म्हणते, सासूबाईंना लागीर झालंय.”

मग तुझी गोष्ट त्यांना सांगायचं मी टाळलं. आता कशाला गोंधळ घालू? चालतंय ते चालू दे. तुला हे पटणार नाही. पण खरं सांगते, त्या वेळी मला बाबांचं ‘उत्तम’ ऐकू आलं, आणि ते हातचं सोडवेना.

१९ तारखेला मी त्यांच्यासोबत जाणार आहे. सोबतीला एक माणूस चालतं, मागच्या बाकावर, गप्प बसून.

टीपा


२० जुलै

आत्या,

घडलं तसं लिहिते.

खोली लांबट, टेबलामागे तिघे जण. मधल्या अध्यक्षीण बाई वयस्क, चष्मा कपाळावर. व्यवस्थापकांतर्फे एक वकील. बाईंनी सुरुवात केली, पाचव्या वाक्यापर्यंत सुरेख गेल्या. तिथे अध्यक्षीण बाईंनी सहज विचारलं, “कडी तुटल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतंत का?”

बाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं. आणि ‘माझं नाव आणि काम मी आधी सांगते’ इथून सुरू केलं.

पुन्हा पाचवं वाक्य. पुन्हा तोच प्रश्न, जरा मोठ्या आवाजात. पुन्हा पहिल्यापासून. त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. तिसऱ्यांदा वकील बाईंच्या बरोबरीनं ओठ हलवायला लागला. मग उभा राहून म्हणाला, “पाहिलंत? साक्षीदार पढवलेली आहे. हिनं बघितलेलं नाही, हिला कुणीतरी पाठ करून दिलंय.”

अध्यक्षीण बाईंनी विचारलं, “तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

बाईंची मान खाली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आत्या. मी मागच्या बाकावर चार हातांवर होते.   मीही काही बोलले नाही.

३० तारखेला पुन्हा बैठक आहे. त्या दिवशी नवं काही पुढे आलं नाही तर बाईंची साक्ष काढून टाकणार.

संचालकांना आज सकाळी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. “केंद्राचं नाव कुठे आलं नाही ना? मग झालं तर. तुम्ही तिकडे फिरकू नका. ती रुग्णालयाची अंतर्गत बाब आहे.”

गेले तर नोकरी जाते. नाही गेले तर त्या पोरीची नोकरी जाते, आणि बाई आयुष्यभर खोटारड्या ठरतात. गेले तरी बोलता येईल का, हेच कळत नाही. कपाट आणि दार यांच्या मध्येच आहे मी अजून, फक्त खुर्चीवर कुणी नाही.

टी.


२४ जुलै

टीपे,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा बाप इथंच बसला होता. मी वाचून दाखवलं. लपवणार होते, मग म्हटलं, पुरे झालं लपवणं.

 तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, “ती चुकू नये म्हणून मी तसं शिकवलं.” मी म्हटलं, “माहीत आहे.” तो म्हणाला, “तिथं माझं नाव सांगायला सांग तिला. पद्धत माझी आहे.” वाक्य संपवून उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, “नाहीतर मीच येतो.”

त्याला तुझ्यासाठी काहीतरी करावंसं वाटतंय. पण तू त्याचं नाव घेऊ नकोस. सोपं पडेल, म्हणूनच घेऊ नकोस. पुस्तिका तू लिहिलीस. त्या बाईंच्या समोर तू बसलीस. माझं पत्र मिळूनही नऊ वेळा म्हणून घेतलंस. हे तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे.

कागद घेऊन जाऊ नकोस. तयारी करू नकोस. तयारी केलीस की तुझं तोंड बंद होतं, हे मी तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून बघतेय. जाऊन उभी राहा आणि सुचेल ते बोल.

आणि नोकरी गेली तर माझ्याकडे ये. इथे मोठ्यानं बोलावं लागतं, तुला सवय होईल.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

गेले होते.

अध्यक्षीण बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, “नवीन काही?” वकील कागद गोळा करायला लागला होता. मी उभी राहिले. उभी राहिले म्हणजे बाक मागे सरकला, त्याचा भयंकर आवाज झाला आणि सगळे वळले. आता बसता येत नव्हतं.

मी म्हटलं, “सन्माननीय समिती.” मग आठवलं, समितीला सन्माननीय म्हणतात का? दोन्ही हात साडीत घट्ट धरून ठेवले. म्हटलं, “ते असू दे. या बाईंना मी शिकवलं.”

“काय शिकवलं? साक्ष?”

“नाही. हो. साक्ष नाही, बोलायला. शब्द त्यांचेच आहेत. पण चुकलं की पहिल्यापासून म्हणा, असा माझा नियम आहे. तो पुस्तिकेत आहे, पान चार. नाही, पाच. त्यामुळे मध्ये विचारलं की त्या पुढे जाऊच शकत नाहीत. त्या खोटं बोलत नाहीत. मी त्यांना अडकवलंय.”

वकील म्हणाला, “म्हणजे पढवल्याचं कबूल आहे?”

मी म्हटलं, “चुकीचं शिकवल्याचं कबूल आहे.”  “दोष माझा आहे. त्यांना पाठ केलेलं विचारू नका. दुसरं काहीही विचारा.”

अध्यक्षीण बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. “ठीक आहे. ती वाक्यं मला नकोत. तुमची जोडीदारीण नवीन होती. यंत्र कसं चालवायचं ते तिला कुणी दाखवलं?”

बाईंचं बोट वर जायला लागलं. अर्ध्यावर थांबलं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून खाली आणलं.

“मी,” त्या म्हणाल्या.



“मीच शिकवलं तिला. कडी तुटलेली, त्यामुळं झाकण फिरतानाच उघडतं. थांबायची वाट बघितली तर चादरी पुऱ्या होत नाहीत. आम्ही सगळ्या तशाच काढतो. मी तिचा हात धरून दाखवलं, असा घालायचा, असा काढायचा, घाबरू नको. तीन आठवडे रोज मी तिला तसंच करायला लावलं. त्या दिवशी मी शेजारी होते. मीच म्हटलं, काढ गं पटकन.”

हे आठ वाक्यांत नव्हतं, आत्या. मला हे कधी सांगितलंच नव्हतं. आणि आता मला समजतंय, पाच आठवडे त्या तिसऱ्या वाक्यावर का अडायच्या. कडी तीन आठवडे तुटलेली होती म्हटलं की पुढे यायचं ते हेच. चुकलं की मागे जायला मी त्यांना परवानगी दिली होती, आणि आठ वाक्यं बिनचूक जमली ती हे टाळूनच.

वकिलानं विचारलं, “म्हणजे नियम तुम्ही मोडायला लावलात?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तिनं नाही. आणि कडी तुटल्याचं मी मुकादमाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, हात सांभाळा.” मग अध्यक्षीण बाईंनी आणखी कितीतरी विचारलं. बाई चुकत होत्या, वार चुकला, मुकादमाचं नाव चुकलं, “नाही नाही, त्याच्या आधीचा,” असं म्हणत होत्या आणि पुढे जात होत्या. वकील लिहून घेत होता. ओठ हलवत नव्हता.

समिती परवा यंत्र बघायला जाणार आहे. पोरीवरचा ठपका टिकणार नाही, असं अध्यक्षीण बाई उठता उठता म्हणाल्या. बाईंना मात्र चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका असं सांगितलंय. मला कामावरून काढल्याचं पत्र केंद्रातून काल आलं, दोन ओळींचं. त्यात माझ्या लवचिकतेबद्दल आभार मानले आहेत.

बाहेर आल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “तिनं चार महिने माझं नाव घेतलं नाही. व्यवस्थापकानं विचारलं, कुणी शिकवलं, तर म्हणाली, बघून शिकले.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता तिच्याकडे जायचंय. तिथं काय बोलू, मॅडम?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

“मग चला तरी.”

गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरची खोली. तिनं डाव्या हातानं दार उघडलं. माझ्याहून लहान आहे, वाटलं होतं त्याहूनही लहान. बाई उंबऱ्यातच म्हणाल्या, “मी सांगितलं. माझं नाव सांगितलं.”

ती चिडली! “कशाला सांगितलंत? आता तुम्हालाही काढतील ना!”

“काढलंच आहे.”

“काढलं? आणि मी एवढे दिवस तोंड दाबून बसले ते काय उगीच?”

“उगीचच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू यायला लागलं. पोरीनं माझ्याकडे बघून विचारलं, “या कोण?”

मी कोण ते सांगायला गेले, पण तीन वेळा अडखळले. बाईंनी नाक पुसलं आणि माझ्या वतीनं उत्तर दिलं, “मला शिकवायला होत्या. यांनाही आता काढतील.”

पोरगी आमच्या दोघींकडे बघत राहिली. मग दार पुरतं उघडून म्हणाली, “आत या. तिघींना पुरेल एवढी जागा आहे, फक्त पाय आखडून बसावं लागेल.”

टीपा